पाच तारे आणि दोन हजार युनिट : देवबागच्या वाटेवरच्या एका खाणावळीचं प्रकरण

बिल मामीने तिखटाच्या बरणीखाली दाबून ठेवलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून. मला वाढलं, सोलकढीची वाटी ठेवली आणि मग ते माझ्यापुढे सरकवलं. मे २०२४. वापर १९९६ युनिट.

“फाय स्टार घेतलंव मां? मगे ह्या बिल इतक्या कित्याक इला?”

मी कुडाळला असतो, आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवतो. त्यामुळे नात्यातल्या घरांत माझ्यापुढे आधी ताट येतं आणि मागोमाग बिल. एरवी एसीची जाळी धुवा, पंखे बदला असं काहीतरी सांगून मी सुटतो. या वेळी तीन दिवस राहिलो आणि घरातलं एकेक यंत्र मोजून काढलं. विजेची उपकरणं काटकसरी व्हावीत म्हणून आपल्याकडे वीसेक वर्षं जे कायदे, स्टिकर, योजना चालू आहेत, त्यातलं या घरापर्यंत काय पोचलं आणि काय वाटेतच राहिलं, ते त्या मोजणीत दिसलं. आकडे या एकाच घराचे आहेत. शेजारच्या घराला ते लागू पडतीलच असं नाही.

जागा

तारकर्ली मागे टाकून देवबागच्या दिशेने निघालं की जमीन निमुळती होत जाते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कर्लीची खाडी, मध्ये माडांची पट्टी, आणि टोकाला संगम. रस्ता एकच आणि विजेची लाइनही एकाच बाजूने येणारी. मामीचं घर टोकाकडचं. सहा खोल्या पर्यटकांना दिलेल्या, पुढच्या पडवीत खाणावळ. मामाचा एका होडीत हिस्सा आहे, पण घर चालतं ते मामीच्या सुरमईवर आणि बांगड्याच्या तिखल्यावर.

मे महिन्यात या पट्टीवर एकही खोली रिकामी नसते. रात्री साडेआठला जेवणं आटोपतात आणि सगळ्या घरांतले एसी एकदम सुरू होतात. पहिल्याच रात्री त्या वेळेला बोर्डावर मल्टिमीटर लावला : १८१ व्होल्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तोच मीटर २१८ दाखवत होता. लांब तारेच्या शेवटच्या टोकाला भार चढला की विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, पडतो, हे मी पोरांना फळ्यावर दरवर्षी शिकवतो. स्टॅबिलायझरची टकटक ऐकत तिथे झोपण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

मोजणी

साधन म्हणावं तर दोनच. एक सॉकेटमध्ये लावायचा छोटा मीटर, ज्यावर चोवीस तासांचे युनिट दिसतात. दुसरं म्हणजे घरचाच वीजमीटर. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी किती लुकलुकींना एक युनिट ते छापलेलं असतं. मामीच्या मीटरवर ८०० होतं. बाकी सगळे एमसीबी, म्हणजे बोर्डावरचे खटके, पाडायचे, एकच यंत्र चालू ठेवायचं आणि घड्याळ लावून दिवा मोजायचा. १०० सेकंदांत १० वेळा लुकलुकला तर ते यंत्र साधारण ४५० वॉट ओढतंय. गणित सातवीतलं आहे, वीजबिलाची तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने एकदा करून पाहावं.

सुरुवातीला माझा संशय अर्थातच एसीवर होता. चार खोल्यांत एसी आहेत. दोन २०१६ चे साधे, तीन ताऱ्यांचे. दोन इन्व्हर्टरचे, पाच ताऱ्यांचे, २०२२ च्या दिवाळीत घेतलेले. मे महिन्यात बावीस रात्री आणि रात्रीचे नऊ तास धरले तर जुने दोन मिळून ४७५ युनिटच्या आसपास, नवे दोन मिळून ३०८. सगळे मिळून ७८० च्या वर. महिन्याच्या बिलातला सगळ्यात मोठा आकडा हाच. मी मामीला सांगितलंही, “एसीच गो.”

चूक झाली ती मी महिन्याचं बिल पाहत होतो म्हणून. वर्षाचं पाहायला हवं होतं.

तेरा पंखे, प्रत्येकी ७० वॉटच्या आसपास, दिवसाला चौदा तास : महिन्याला ३८० युनिट. कोल्ड्रिंकचा काचेच्या दाराचा कूलर : १२०. घरचा फ्रिज तीस. विहिरीवरचा पंप साठ, गिझर साठ, दिवे, मिक्सर, टीव्ही, मोबाइल मिळून शंभर. आणि माशांचे दोन डीप फ्रीजर. त्यातला एक चोवीस तासांत साडेचार युनिट घेत होता, तो ठीक. दुसरा मालवणात बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातून २०१९ साली सेकंडहँड आणलेला. त्याच्यापुढे घड्याळ लावून बसलो. शंभर सेकंद, दहा लुकलुकी. अर्ध्या तासाने पुन्हा दहा. जेवून आलो, पुन्हा दहा. कॉम्प्रेसर बंद पडतच नव्हता.

झाकणाच्या रबरात दहाची नोट ठेवून झाकण लावलं आणि नोट ओढली. बोटाला कसलीच ओढ न लागता बाहेर आली. पूर्ण कडेभर असंच, फक्त बिजागरीच्या बाजूला जरा अडकली. मागची कंडेन्सरची जाळी टॉर्च मारून पाहिली, तर काळ्या तारांवर मिठाची आणि माशांच्या खवल्यांची एक पांढरट खरूज चढलेली. नखाने खरवडली तर पापुद्रा निघाला आणि खाली गंज. १८१ व्होल्टवर हे कॉम्प्रेसर सुरू होताना एकदा घरघरलं, थांबलं, ओव्हरलोडने तोडलं, दोन मिनिटांनी पुन्हा घरघरलं. ते ऐकवत नव्हतं.

दिवसाला १०.८ युनिट. महिन्याला सव्वातीनशे. आणि एसी जून उजाडला की गप्प बसतात, फ्रीजर बसत नाही. उलट १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आधीच साठवलेला मासा सांभाळायला तोच तर लागतो. वर्षाला जवळपास ३९०० युनिट एकट्याचे. पाच ताऱ्यांचे दोन्ही एसी मिळून वर्षाला बाराशेही खात नाहीत.

“म्हणजे स्टार नसलेल्यानच खाल्ल्यान,” मामी म्हणाली. एवढा लांबचा हिशेब तिने एका वाक्यात आटोपला.

तारे कुठे पडतात

आता धोरणाकडे. उपकरणं काटकसरी करायला सरकारांच्या हातात ढोबळ तीन गोष्टी असतात. एक, खालची रेघ आखायची : याहून वाईट यंत्र बाजारात विकायचंच नाही. दुसरी, स्टिकर लावायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानात फरक दिसेल. तिसरी, पैसा वापरायचा : सवलत, एकगठ्ठा खरेदी, जुनं घेऊन नवं देणं. आपल्याकडे २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई आली आणि २००६ मध्ये ताऱ्यांचं स्टिकर सुरू झालं. आधी ऐच्छिक होतं. २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, एसी, ट्यूबलाइट आणि वितरण ट्रान्सफॉर्मर यांना सक्तीचं झालं आणि मग यादी वाढत गेली. जिथे सक्ती आहे तिथे एक तारा हीच खालची रेघ. त्याखालचं विकता येत नाही. म्हणजे एकाच तक्त्यात स्टिकरही आलं आणि बंदीही, आणि तक्ता अधूनमधून वर सरकवला की दोन्ही एकदम कडक होतात. हे मला हुशारीचं वाटतं. जपानने १९९९ पासून याहून वेगळी तऱ्हा चालवली : बाजारातलं सगळ्यात चांगलं यंत्र पाहायचं आणि काही वर्षांनी सगळ्या कंपन्यांच्या विक्रीची सरासरी तिथवर आणायला लावायची. तीही चालली.

तक्ता सरकतो याचा पुरावा मामीच्या खोलीतच होता. स्टिकरवर खाली बारीक अक्षरांत कालावधी छापलेला असतो, तो कोणी वाचत नाही. दोन नव्या एसींपैकी एकाचा कालावधी जून २०२२ ला संपलेला. १ जुलै २०२२ पासून एसीचा तक्ता एक पायरी कडक झाला, त्यामुळे त्यावरचे पाच तारे नव्या हिशेबाने चार. वाईट काही नाही, पण दुकानात दोन्ही यंत्रं शेजारीशेजारी, सारख्याच पाच ताऱ्यांनी उभी होती आणि किंमत मामाने घासाघीस करून ‘जास्त मोठ्या डिस्काउंटच्या’ यंत्रावर ठरवली.

ताऱ्यांचा हिशेब कसा होतो, तेही पाहू. एसीचं मोजमाप २०१८ पासून सगळ्या एसींना सक्तीने एकाच पट्टीवर होतं, वर्षाला १६०० तास आणि बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरून. देशाची सरासरी म्हणून ही पट्टी रास्त आहे. पण देवबागला ४३ अंश कुठले? इथे पारा बत्तीस-चौतिसाच्या पुढे फारसा जात नाही. इथला त्रास घामाचा, दमट हवेचा. इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की हळू चालतो, वीज वाचते ती तिथेच. पण हळू चालला की त्याची आतली कॉइल तितकी थंड राहत नाही आणि हवेतलं पाणी कमी निथळतं. खोली २५ अंशांवर असते आणि चादर ओलसर लागते. पुण्याहून आलेलं गिऱ्हाईक रिमोट उचलतं आणि १८ करतं. २०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ वर येतात, तो नियम चांगलाच आहे, पण गिऱ्हाइकाच्या अंगठ्याला कोण अडवणार? मी मामीच्या खोल्यांत एक कागद चिकटवला : ‘आधी ड्राय मोड, नंतर २५, पंखा चालू ठेवा.’ दहांतले तीन वाचतात.

आणि १६०० तास? मामीचे एसी मे महिन्यात प्रत्येकी दोनशे तास चालतात, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार धरून वर्षाचे साडेसातशेच्या आसपास. म्हणजे पाचव्या ताऱ्यासाठी मोजलेले जादा पैसे वसूल व्हायला स्टिकरवरच्या हिशेबापेक्षा दुप्पट काळ. तोवर बाहेरच्या युनिटची ॲल्युमिनियमची पाती खाऱ्या वाऱ्याने पिठासारखी झडायला लागतात. २०१६ च्या एसीची पाती मी नुसतं बोट लावलं तर चुरली. तारे ठरतात ते प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्रावर, आणि पुढे तपासणीला नमुना उचलतात तोही नवाच. समुद्रापासून दोनशे पावलांवर चार वर्षं टांगलेल्या यंत्राचे तारे कोणी मोजत नाही. किनाऱ्यावर विकायच्या युनिटला पात्यांवर गंजरोधक लेप आणि त्याची लेखी हमी, एवढं जरी सक्तीचं केलं तरी कोकणात पाचव्या ताऱ्याहून जास्त वीज वाचेल असं माझं मत आहे.

डीप फ्रीजरचं तर सगळं उलटं. तो वर्षाचे ८७६० तास चालतो आणि त्याच्या ताऱ्यांची सुरुवात झाली २०२० मध्ये, तीही ऐच्छिक. मामीचा त्याआधीच कोणाच्या तरी दुकानात झिजून आलेला. सेकंडहँड बाजार सगळ्या रेघांच्या पलीकडे आहे. तिथे खालची रेघ नाही, स्टिकर नाही, आणि किनाऱ्यावरची निम्मी खाणावळ-मंडळी फ्रीजर तिथूनच घेतात.

कूलरची गोष्ट याहून गमतीची. तो मामीचा नाहीच. कोल्ड्रिंकच्या वितरकाने फुकट ठेवलाय, अट एवढीच की त्यात त्यांच्याच बाटल्या दिसल्या पाहिजेत. यंत्र निवडणारा एक, बिल भरणारा दुसरा. निवडणाऱ्याला स्वस्त कूलर परवडतो, कारण त्याने खाल्लेली वीज त्याच्या खिशातून जात नाही. इथे तारे छापून उपयोग शून्य, कारण ते पाहून निवड करणारा माणूस दुकानात येतच नाही. इथे चालते ती फक्त खालची रेघ. युरोपने १ मार्च २०२१ पासून दुकानांतल्या विक्रीच्या फ्रिजना, काचेच्या कूलरांसकट, अशी रेघ आखली. आपल्याकडेही याच जातीच्या यंत्रांवर ती आधी यायला हवी होती, घरच्या टीव्हीच्याही आधी.

जिथे धोरण निमूटपणे घरात शिरलं

सगळंच रडगाणं नको. घरात एकही जुना बल्ब नव्हता. गोठ्यातसुद्धा एलईडी. मामीने यासाठी काही विचार केला नव्हता, कुठलं स्टिकर वाचलं नव्हतं. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली तेव्हा ईईएसएल ही सरकारी कंपनी कोट्यवधी बल्बची मागणी एकत्र करून लिलावाने घेत होती. २०१४ मध्ये ज्या बल्बला तिने ३१० रुपये मोजले तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. पुढे ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. तोवर खुल्या बाजारातही भाव कोसळला आणि साधा बल्ब गावच्या दुकानातून आपोआप दिसेनासा झाला. अनुदानाची गरजही पडली नाही. एकगठ्ठा मागणीत केवढी ताकद असते, ते मला बंदरावरच्या माशांच्या लिलावापेक्षा इथे जास्त कळलं.

पंख्यांचं मात्र अर्धंच झालं. पंख्याला तारे सक्तीचे झाले १ जानेवारी २०२३ पासून. त्याआधी बरीच वर्षं ते ऐच्छिक होते आणि कोणी ढुंकून पाहत नव्हतं. बीएलडीसी, म्हणजे ब्रशविना डीसी मोटरचा पंखा तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतो, पण किंमत दुप्पट. ईईएसएलने २०२३ मध्ये एक कोटी पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला, उजालाच्याच धर्तीवर. बल्ब पडला तर माणूस नवा आणतो, पंखा मात्र पंधरा वर्षं फिरत राहतो, कॅपॅसिटर बदलला की पुन्हा पंधरा. त्यामुळे तिथे भाव पाडून भागत नाही, जुना खाली उतरवावा लागतो.

पंपाबद्दल एकच. मामीच्या कुंपणापलीकडे नारळ-सुपारीची बाग आहे आणि तिथला पंप सकाळी सुरू होतो तो कोणी आठवण करून दिली तर बंद होतो. जुलै २०२४ मध्ये शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत जाहीर केली. ज्याचं बिलच येत नाही त्याला पाच ताऱ्यांचा पंप कशाला सांगायचा? सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला बीईईच्या पुढाकाराने २२०९ शेतीपंप बदलून दिले होते, शेतकऱ्याच्या खिशाला हात न लावता. मोफत विजेच्या राज्यात शहाणपणाचा रस्ता तेवढाच उरतो : बिलाचा तोटा ज्याला होतो त्यानेच पंप बदलायचे.

गिझर मोजला खरा, पण मामी तो फक्त पाहुण्यांसाठी लावते. घरची अंघोळ बंबावर. नारळाची सोडणं फुकट आहेत, आणि त्या पाण्याला जो धुराचा वास असतो तो मला अजून आवडतो. याला कुठल्याही तक्त्यात रकाना नाही.

काय केलं

मामीच्या हातात बचतगटाचं साठ हजारांचं कर्ज होतं. तिला ते एसीवर घालायचं होतं : जुने दोन काढून पाच ताऱ्यांचे नवे. तिच्यासमोर वहीत हिशेब मांडला, व्यावसायिक दर म्हणून युनिटमागे १२ रुपये धरून, स्थिर आकार बाजूला ठेवून. दोन नव्या एसींना नव्वद हजार, वर्षाला वाचणार सहाशे युनिट, म्हणजे ७२०० रुपये. पैसे फिटायला बारा वर्षं, आणि यंत्र टिकणार सहा. नवा फ्रीजर बत्तीस हजारांचा, दिवसाला साडेतीन युनिटच्या आसपास घेणारा. वर्षाला वाचणार २६०० युनिट, म्हणजे एकतीस हजार. एका वर्षात फिटला. मामीने पेन माझ्या हातातून घेऊन बत्तीस हजारांभोवती गोल काढला.

उरलेल्यात आठ बीएलडीसी पंखे, चार खाणावळीत, चार खोल्यांत. एसींच्या कॉइली धुतल्या. कूलरला रात्री अकरा ते सकाळी सहा टायमर लावला, बाटल्या सकाळपर्यंत गारच राहतात. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता, तो पाणी आणि कोळसा-मीठ घालून नीट केला. याने वीज वाचत नाही, पण ओल्या हाताने फ्रीजर उघडणाऱ्या बाईच्या घरी हे आधी करायचं असतं.

पुढच्या मे महिन्याचं बिल १४९० युनिट आलं. पाचशेची घट! मामाने ते गावभर दाखवलं. मला ते तसं मिरवायला संकोच वाटतो. २०२५ चा पाऊस २५ मेलाच देवगडला टेकला, त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही झोडपलेच, आणि शेवटच्या आठवड्याची बुकिंगं रद्द झाली. पाऊस वेळेवर आला असता तर माझ्या हिशेबाने साडेसोळाशेच्या आसपास झाले असते. शिवाय वाचलेल्या पैशातून मामीने मार्चमध्ये पाचव्या खोलीत एसी बसवला होता. मी नाही म्हटलं नाही. एसीच्या खोलीला रात्रीचे पाचशे जास्त मिळतात आणि काटकसर तिने त्यासाठीच केली होती.

आठपैकी दोन पंख्यांचे सर्किट बोर्ड पावसाआधीच्या विजांत गेले. वॉरंटी होती, पण बोर्ड कुरिअरने जाऊन यायला पाच आठवडे लागले, भर सीझनमध्ये. जुना पंखा असता तर वाडीवरच्या मुलाने ऐंशी रुपयांच्या कॅपॅसिटरवर संध्याकाळपर्यंत फिरवून दिला असता. तीस वॉटची यंत्रं आली, पण ती दुरुस्त करणारे हात अजून सत्तर वॉटचेच आहेत. माझ्या वर्गातही हा बोर्ड खोलून दाखवण्याची सोय गेल्या वर्षीपर्यंत नव्हती. आता ते दोन मेलेले बोर्ड मी वर्गात ठेवलेत.

जुना फ्रीजर

नवा आला त्या दिवशी दुकानदाराने जुन्याचे दोन हजार देऊ केले. मी मामीला म्हटलं, दे त्याला, नाहीतर भंगारात घाल, पण पुन्हा कोणाला विकू नको.

“चालतो फ्रीजर भंगारात कित्याक घालू? लोक हसतले.”

तिचं बरोबरच होतं. दोन वाड्या पलीकडे एकाने नवी खाणावळ काढली होती, तो सहा हजार द्यायला तयार होता. दोन हजार आणि सहा हजार यांच्यामधले चार हजार कोण देणार, हा धोरणाचा प्रश्न आहे, मामीचा नाही. घानाने २०१३ मध्ये जुन्या फ्रिजची आयात बंद केली आणि जुना आणून देणाऱ्याला नव्यावर सवलत दिली. मेक्सिकोने २००९ पासून दहा लाखांहून जास्त जुने फ्रिज आणि एसी बदलून दिले, जुने मोडीत काढण्याची अट घालून. नंतर अभ्यासकांनी घराघरांची बिलं तपासली, तर फ्रिजमुळे झालेली बचत अंदाजाच्या चौथाईएवढीच निघाली आणि एसी बदललेल्या घरांचा वापर उलट वाढलेला. म्हणजे मोडीत काढूनही हिशेब चुकतो. आपल्याकडे तर मोडीतही निघत नाही. मामीच्या मीटरवरचे दिवसाचे सात युनिट वाचले, देवबागच्या पट्टीवरचे नाहीत, ते दोन वाड्या पलीकडच्या मीटरवर लागणार होते.

टेम्पो दुपारी यायचा होता. सकाळी मी कुडाळहून मापाने कापून आणलेलं नवं रबर बसवलं, नऊशे रुपये मामाकडून घेतले. कंडेन्सर ब्रशने घासला, गंजावर कंडेन्सर-पेंट मारला. आदल्या दिवशी नुसती कड मेणकापडाने बंद करून चोवीस तास मीटरवर ठेवला होता तेव्हा आकडा आठ युनिटवर आला होता. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी दहाची नोट झाकणात धरली आणि ओढली. अडकली. दुसऱ्या बाजूने ओढली, तिथेही अडकली. मग फ्रीजर चढवला.